पाटी नाही, बसवावी

मुलांना वाटायचं, हिचं काम घंटा वाजवायचं. म्हणून बाराही शाळांतली मुलं तिला घंटीबाई म्हणायची. ती फाटकातून आत आली, खांद्यावर शिडी आणि हातात पिशवी दिसली, की वर्गावर्गांतून कुजबुज सुरू व्हायची. घंटीबाई आल्या म्हणजे आता घंटा होणार, सगळे मैदानात जाणार आणि गणिताचा तास बुडणार.

घंटा वाजवणं हा तिच्या कामातला सगळ्यात सोपा भाग होता. ज्या कंपनीकडे या बारा शाळांच्या आगीच्या यंत्रणेची देखभाल होती, तिथे ती बावीस वर्षं नोकरीला होती. दर तीन महिन्यांनी प्रत्येक शाळेत एक अख्खा दिवस जायचा. छताला लावलेल्या धूर ओळखणाऱ्या डब्या एकेक करून तपासायच्या, त्यांच्यावरची धूळ फुंकायची, खोटा धूर सोडून घंटा वाजते का ते बघायचं. आग विझवायचे लाल सिलिंडर उचलून त्यांचं वजन करायचं, काटा हिरव्यात आहे का पाहायचं, तारीख टाकायची. पाण्याचा पंप चालू करून होजमधून पाणी मैदानापर्यंत पोचतं का ते बघायचं. शाळांच्या छतांवर सोलर आलं तेव्हापासून छतही तिच्या वाट्याला आलं होतं. वर जायचं, पॅनलखालून येणाऱ्या वायरींचे जोड तपासायचे, पॅनलच्या सावलीत कबुतरांनी घरटी केलेली असली तर काढून टाकायची. वाळक्या काड्या आणि वायर यांची सोबत तिला पसंत नव्हती.

वय एकोणपन्नास, डावा गुडघा कुरकुरणारा, पण एकही जिना तिने कधी चुकवला नाही. "तुमच्या हातून काही सुटत नाही," असं सुपरवायझर म्हणायचा. ते खरंही होतं. तिच्या हातून काही सुटत नसे.

नदीकडची शाळा या बारांपैकी सगळ्यात मोठी. तीन मजले, सातशे मुलं, आणि अख्ख्या छतावर सोलर. फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला मेन स्विचची लोखंडी पेटी होती आणि तिच्या शेजारी भिंतीवर एक लाल पाटी. पाटीवर लिहिलं होतं की या इमारतीच्या छतावर सोलर आहे, मेन स्विच बंद केला तरी उजेड असेपर्यंत वरच्या पॅनलमध्ये आणि वायरींमध्ये वीज असते, आणि वरचा वेगळा स्विच जिन्याच्या शेवटच्या दाराशी आहे. ही पाटी आग विझवायला येणाऱ्यांसाठी होती. रोज येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी ती कुणीच वाचत नसे.

सुट्टीत शाळेला रंग दिला. सुट्टीनंतर ती पहिल्यांदा गेली तेव्हा भिंत कोरी होती, फिकट पिवळी, नव्या रंगाचा वास येणारी.

"मामा, इथली पाटी कुठे गेली?" तिने शिपाईमामांना विचारलं.

"रंगवाल्यांनी काढली. लावतील परत."

"गेले ना रंगवाले?"

"गेले खरे," मामा म्हणाले, आणि त्यांनी अशा नजरेने भिंतीकडे पाहिलं, जणू पाटी स्वतःच चालत येईल.

तिने शाळेच्या देखभालीच्या वहीत शेरा मारला: पाटी नाही, बसवावी. खाली सही केली, मामांची सही घेतली आणि निघाली.

तीन महिन्यांनी पुन्हा गेली, तर पाटी जिन्याखाली मोडक्या बाकांच्या मागे सापडली. रंगाचे थेंब पडून अर्धी अक्षरं बुजली होती. तिने पुन्हा शेरा मारला आणि संध्याकाळी सुपरवायझरला फोन केला.

"मीच एक नवी करून लावू का?" तिने विचारलं.

"अजिबात नाही," तो म्हणाला. "भिंत शाळेची, पाटी शाळेची. आपलं काम शेरा मारायचं. उद्या तुम्ही काहीतरी चुकीचं लिहिलंत आणि भलतंच झालं, तर ते आपल्या गळ्यात येईल."

तिसऱ्या वेळी गेली तेव्हा स्क्रूची दोन भोकंसुद्धा कुणीतरी पुट्टी भरून बुजवली होती. ती सरळ हेडसरांच्या खोलीत गेली. हेडसर वाईट माणूस नव्हता. मुलांची नावं त्याला पाठ असायची, गळका नळ दिसला तर स्वतः घट्ट करायचा. पण त्या दिवशी त्याच्या टेबलावर कागदांचा ढीग होता आणि दाराबाहेर चार पालक उभे होते.

"बाई, घंटा वाजते ना?" त्याने विचारलं.

"वाजते, सर."

"पंप चालतो?"

"चालतो."

"मग पाटीचं बघू आपण. या महिन्यात नक्की करू."

तिने तिसऱ्यांदा शेरा मारला. बाहेर पडताना मेन स्विचपाशी टांगलेल्या सिलिंडरवर तारीख टाकायची राहिली होती, म्हणून ती थांबली. पिशवीतून जाड लाल मार्कर काढला, तारीख टाकली. समोर ती कोरी भिंत होती, हाताच्या अंतरावर. तिच्या मनात आलं, लिहावं इथेच. दोन ओळी तर आहेत. पण भिंत नवी, रंग नवा, वर सुपरवायझरचं बोलणं कानात. तिने मार्करला टोपण लावलं आणि स्कूटर सुरू केली.

त्यानंतर सात आठवड्यांनी, सकाळी पावणेबाराच्या सुमारास, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेत शिडीवर उभी होती. खिशातला फोन वाजला. मामा होते.

"बाई, वाजली," ते म्हणाले. "तुम्ही इथे नाही आहात, नि घंटा वाजली."

"धूर कुठे आहे?"

"छतावर. पॅनलखालून येतोय."

"मुलं?"

"मैदानात. वर्गशिक्षक मोजतायत."

"मामा, आग विझवायला येणाऱ्यांना सांगा, छतावरचा स्विच..." ती बोलत असतानाच फोन कट झाला. पुन्हा लावला, तर कुणी उचलला नाही. तिने शाळेच्या ऑफिसात लावला, तो वाजत राहिला. ऑफिसातली सगळीच माणसं मैदानात होती, तिनेच त्यांना तसं शिकवलं होतं. अग्निशमन केंद्राचा नंबर लावला, तर तिथला माणूस म्हणाला, "गाड्या निघाल्यात, बाई, लाइन मोकळी ठेवा," आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवला.

शिडी तिथेच टाकून ती निघाली. एरवी पंचवीस मिनिटांची वाट त्या दिवशी अठरा मिनिटांत कापली, आणि त्यातलं काहीही तिला नंतर आठवलं नाही.

ती पोचली तेव्हा फाटकातून एक अँब्युलन्स बाहेर पडत होती. तिने स्कूटर बाजूला घेऊन वाट दिली. मैदानात मुलं रांगा करून बसली होती, जशी तिने दर वेळी बसवली होती तशी. सगळी होती. एकही कमी नव्हतं. छतावरून पांढरट धूर अजून निघत होता, पण ज्वाळा नव्हती. होजचं पाणी जिन्यावरून खाली ओघळत होतं.

अग्निशमन दलाचे अधिकारी मेन स्विचच्या पेटीपाशी उभे होते. पन्नाशीचे, डोक्यावरचं हेल्मेट काखेत धरलेलं. ती कोण ते सांगितल्यावर ते म्हणाले, "मेन आम्ही बंद केला होता. माझ्यासमोर केला. सगळे दिवे गेले, पंखे थांबले. मग माणूस वर पाठवला."

"त्याला काय झालं?"

"पॅनलखाली आग होती. पाणी आत जावं म्हणून त्याने लोखंडी आकडा घालून एक पॅनल उचकटलं. आणि फेकला गेला. कठड्यावर आपटला. हात तर..." ते थांबले. "बाई, मेन बंद होता. मग वीज आली कुठून?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नजर भिंतीवर गेली. फिकट पिवळी भिंत. त्यावर काळ्या धुराचा एक डागसुद्धा नव्हता. शेजारी सिलिंडर होता, त्यावर तिच्याच हातची लाल तारीख.

"सोलर," ती म्हणाली. "उजेड आहे तोवर पॅनल वीज करतंच. वर वेगळा स्विच आहे, तो खाली येणाऱ्या वायरी तोडतो. पण पॅनल तेव्हाही जिवंतच असतं. त्याला हात लावायचा नसतो."

"हे इथे लिहिलेलं नाही कुठे."

"नाही," ती म्हणाली.

शिपाईमामा जिन्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडत होते.

आग का लागली ते पुढे कळलं. आठवडाभर आधी पाण्याच्या टाकीचा पाइप दुरुस्त करायला माणूस आला होता. त्याचा पाय वायरीवर पडून एक जोड सैल झाला. तो तापत गेला, आणि खाली कबुतरांनी नव्याने जमवलेल्या काड्या होत्या. यात तिची चूक कुणीच काढू शकलं नसतं. तिने तपासलं तेव्हा जोड पक्का होता आणि घरटी तिने काढली होती.

चौकशी हेडसरांच्या खोलीत झाली. टेबलामागे तिघे जण बसले होते. त्यांनी देखभालीची वही मागवली आणि तिच्यासमोर वाचली. पाटी नाही, बसवावी. तीन तारखा, तीन सह्या, अक्षर तेच. समितीतला सगळ्यात वयस्कर माणूस चष्मा काढून म्हणाला, "बाई, तुमचं काम चोख आहे. तुमच्यासारखे सगळे असते तर ही वेळ आली नसती."

हेडसर कोपऱ्यातल्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. त्याची बदली झाली, वेतनवाढ थांबली. जाताना तो कुणाशी बोलला नाही.

सुपरवायझरने मात्र तिला ऑफिसात बोलावून चहा पाजला. "तीन ओळींनी वाचवलं आपल्याला," तो म्हणाला. "बघा, मी म्हणत होतो ना, शेरा मारायचा नि मोकळं व्हायचं."

तिने कप तसाच खाली ठेवला.

घरी नवरा सकाळची पाळी संपवून आला होता. तो बस चालवायचा, तीस वर्षं झाली होती. जेवताना तिने त्याला सगळं सांगितलं, शेवटी मार्करचंही. हे तिने समितीला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

"अगं, तू लिहिलं होतंस ना?" तो म्हणाला. "एकदा नाही, तीनदा. अजून काय करायला हवं होतंस?"

"भिंतीवर लिहायला हवं होतं."

"ते तुझं काम नव्हतं."

"वहीत लिहिणं माझं काम होतं. वही कपाटात होती. आग विझवायला आलेला माणूस कपाट उघडून बघणार होता का?"

त्याने ताटात बोट फिरवलं. मग म्हणाला, "माझ्या गाडीचा ब्रेक लागत नसेल, आणि मी वहीत तसं लिहून गाडी बाहेर काढली, तर..." आणि एकदम थांबला. "हे बोलायचं नव्हतं मला."

"बोललात ते बरं झालं," ती म्हणाली. "बाकी सगळे शाबासकीच देतायत."

त्या जवानाला त्याच्या केंद्रात सगळे लांब्या म्हणत. सव्वासहा फूट उंच, वय एकतीस, लग्न ठरायचं होतं, घरी फक्त आई. ही माहिती तिला मामांकडून कळली. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली होती, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं राहिलं होतं. कमरेला मार होता, पण चालता येईल असं डॉक्टर म्हणाले होते.

ती तीन आठवड्यांनी हॉस्पिटलात गेली. याआधी दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आली होती. वॉर्डात आठ खाटा होत्या, खिडकीजवळच्या खाटेवर तो होता. पाय खाटेच्या बाहेर आले होते, त्यांच्याखाली कुणीतरी स्टूल ठेवलं होतं. त्याची आई संत्रं सोलून एकेक फोड त्याच्या डाव्या हातात देत होती.

"बसा," आई म्हणाली. आईला वाटलं, ही केंद्रातल्या कुणाची तरी बायको असेल.

ती बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "त्या शाळेतल्या आगीच्या यंत्रणेची देखभाल मी करते."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "घंटा चांगली वाजत होती," तो म्हणाला. "पंपही लगेच चालू झाला. तुमचंच पाणी वापरलं आम्ही."

हे ऐकून तिला वाटलं, एवढ्यावरच थांबावं, लवकर बरे व्हा म्हणावं आणि निघावं. पण ती त्यासाठी आली नव्हती.

"मेन स्विचजवळ एक पाटी असायला हवी होती," ती म्हणाली. "सोलरची वीज मेन बंद करून जात नाही, असं सांगणारी. ती रंगकामात काढली गेली. मला माहीत होतं. मी सहा महिन्यांत तीनदा वहीत लिहिलं. शेवटच्या वेळी हातात मार्कर होता, समोर भिंत होती. लिहिलं नाही."

"का?"

"भिंत खराब होईल म्हणून. मला बोलणी बसतील म्हणून."

आईचा हात संत्र्यावर थांबला.

"पाटी असती तर मी वाचली नसती," तो म्हणाला. "आम्ही पळतच असतो. पण आमचे साहेब वाचतात. कुठेही गेलो की दारातली पाटी न् पाटी वाचतात. आम्ही त्यांना हसतो त्यावरून. लग्नाच्या हॉलबाहेरची पाटीसुद्धा वाचतात म्हणून." त्याने खिडकीकडे तोंड वळवलं. "त्यांनी वाचली असती. मला वर पाठवलं नसतं, नाहीतर सांगून पाठवलं असतं."

"हो."

"जा तुम्ही, बाई."

ती वळली. आई तिच्या मागोमाग वॉर्डाबाहेर आली.

"तुम्हाला काही सहीबिही पाहिजे होती का त्याची?" आईने विचारलं.

"नाही."

"मग आलात कशाला?"

"त्याला सांगायचं होतं. कुणीच सांगितलं नसतं."

आईने पदराने हात पुसले. रागावलेली दिसत नव्हती, फक्त फार दमलेली. "सांगून तुमचं मन हलकं झालं असेल," ती म्हणाली. "त्याचा हात तेवढाच आहे. आता जा."

तिचं मन हलकं झालं नव्हतं. पण हे त्या आईला सांगायची ती जागा नव्हती.

पुढच्या आठवड्यात तिने एक काम केलं, कुणालाही न विचारता. सुट्टीच्या दिवशी लाल रंगाचा डबा, पांढरा रंग, दोन ब्रश आणि पत्र्याचे तुकडे घेऊन ती उरलेल्या अकरा शाळा फिरली. पाच शाळांमध्ये पाटी धड नव्हती. एकीत उन्हाने उडालेली, एकीत सूचनाफलकामागे झाकलेली, एकीत तर स्विचची जागाच चुकीची लिहिलेली, आणि ही चूक आजवर तिच्याही लक्षात आली नव्हती. पाटीची ओळ ती वाचायची, पण वर जाऊन ताडून बघायची नाही. त्या दिवशी तिला स्वतःची जास्त भीती वाटली. हातून काही सुटत नाही म्हणणाऱ्यांवर तिने इतकी वर्षं विश्वास ठेवला होता.

पाचही पाट्या तिने स्वतः रंगवल्या. अक्षर वेडंवाकडं आलं, पण दहा पावलांवरून वाचता येईल एवढं मोठं काढलं. तीन दिवसांनी सुपरवायझरचा फोन आला.

"बाई, भिंतीला हात लावायचा नाही म्हटलं होतं ना मी?"

"लावला," ती म्हणाली.

"नोटीस देऊ का तुम्हाला?"

"द्या. लेखी द्या. वहीत चिकटवून ठेवते."

नोटीस काही आली नाही. दोन महिन्यांनी कंपनीने सगळ्या शाळांसाठी छापील पाट्या करून घेतल्या आणि सुपरवायझर ती आपलीच कल्पना असल्यासारखं सांगू लागला. तिने त्याला सांगू दिलं.

पाच महिने गेले. एका दुपारी अग्निशमन केंद्रातून अधिकाऱ्यांचा फोन आला.

"सोलर असलेलं छत आमच्या माणसांना दाखवाल का?" त्यांनी विचारलं. "कागदावर शिकवलंय, पण डोळ्यांनी बघायला हवं. आमच्या लांब्याने तुमचं नाव सुचवलं."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तो कामावर आला?"

"आलाय. टेबलावर बसतो, फोन घेतो. चिडचिड करतो. पण येतो."

टेकडीवरच्या शाळेत, मुलांना सुट्टी असलेल्या दिवशी, चौदा जवान जमले. लांब्या सगळ्यात शेवटी आला. गणवेशात होता, उजवा हात खिशात. तिच्याकडे त्याने पाहिलं, मान हलवली नाही. ती पुढे झाली आणि कामाला लागली.

आधी तिने त्यांना मेन स्विचपाशी नेलं आणि एकाला तो बंद करायला सांगितलं. शाळेचे दिवे गेले, पंखे हळू होत होत थांबले. "आता वीज आहे की नाही?" तिने विचारलं. सगळ्यांना माहीत होतं, हा प्रश्न साधा नाही.

मग छताकडे निघाले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर लांब्या थांबला. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. त्याने खाली वाकून डाव्या हाताने आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी ती बांधायचा प्रयत्न केला. बाकीचे वर गेले होते, कदाचित मुद्दामच. एकदा गाठ सुटली, दुसऱ्यांदा सुटली. ती दोन पायऱ्या खाली उतरली.

"मला जमतं," तो म्हणाला.

"दिसतंय. पण वर पायात वायरी येतात आणि माझ्या छतावर कुणी सुटी नाडी घेऊन चढत नाही. कुणीच नाही."

त्याने पाय पुढे केला. तिने गुडघा टेकला, तो कुरकुरला, आणि तिने नाडीला दुहेरी गाठ मारली.

वर ऊन लख्ख पडलं होतं. तिने हातमोजे घातले, सगळ्यांना चार पावलं मागे सरकवलं आणि पॅनलकडून येणाऱ्या वायरीला मीटर लावलं. आकडा सगळ्यांना दिसेल असा धरला. साडेपाचशे व्होल्टच्या वर होता. कुणीतरी दबक्या आवाजात शीळ घातली.

"ढग आले तर?" एकाने विचारलं.

"ढगाने आकडा थोडा खाली येतो, जात नाही. तुमच्या मोठ्या दिव्यांच्या उजेडानेसुद्धा थोडी वीज तयार होते."

"ताडपत्री टाकली तर?"

तिने आणलेली काळी ताडपत्री दोघांना पकडायला लावून पॅनलवर टाकली. आकडा पडला. वाऱ्याने एक कोपरा उचलला, तसा लगेच चढला. "वाऱ्याच्या भरवशावर माणूस वर पाठवायचा नाही," ती म्हणाली. मग दाराशेजारचा स्विच दाखवला, तो फिरवला की कुठून कुठपर्यंतची वायर मरते आणि कुठली जिवंत राहते ते बोटाने दाखवत गेली. पॅनल उचकटायचं नाही. लोखंडी आकडा घालायचा नाही. पाणी लांबून, फवारा करून मारायचं.

तेवढ्यात लांब्या मागून म्हणाला, "आणि खाली पाटीच नसली तर?"

सगळे वळले. त्याने हात खिशातून बाहेर काढला होता. दाखवायला काढला नव्हता, पण लपवलाही नाही.

ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "मग पाटीची वाट बघायची नाही. गाडीतून उतरल्यावर मान वर करून छत बघायचं. दिसलं नाही तर शाळेच्या माणसाला विचारायचं. कुणीच सांगितलं नाही तर सोलर आहे असंच धरून चालायचं." ती थांबली. "पाटी लावणारा चुकू शकतो. मी चुकले होते. तुमच्यातल्या एकाला ते भोगावं लागलं."

जवान पायांकडे बघत होते. तिला वाटलं होतं हे बोलताना आवाज फुटेल, पण फुटला नाही. इतके दिवस मनात घोळवून ते वाक्य गुळगुळीत झालं होतं.

उतरताना लांब्या पुन्हा मागे राहिला. ती मीटर पिशवीत भरत होती.

"माझा राग गेलेला नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"जाईल असंही वाटत नाही."

"नको जाऊ दे," ती म्हणाली. "मी तो घालवायला आलेले नाही."

तो कठड्याला टेकला आणि खालच्या मैदानाकडे बघू लागला. तिथे त्याचे सोबती गाडीत होज गुंडाळून ठेवत होते, एकमेकांच्या खोड्या काढत.

"पुढच्या महिन्यात दुसऱ्या केंद्राची माणसं आहेत," तो म्हणाला. "वीस जण. साहेबांनी व्यवस्था माझ्याकडे दिलीय. त्यातले दोघे अतिशहाणे आहेत, मध्येमध्ये बोलतील."

"बोलू दे."

"तुम्ही जरा मोठ्याने बोला. मागे ऐकू येत नव्हतं."

"बरं."

तो डाव्या हाताने कठडा धरत जिना उतरू लागला. तिने पिशवी खांद्याला अडकवली, छतावरून एकदा नजर फिरवली आणि दाराला कडी घालून त्याच्या मागोमाग खाली आली.